पाच वॅटचा सेट आणि मधली टेकडी

ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकीच्या खोक्यावर ‘रेंज १० किलोमीटर’ असं ठसठशीत छापलेलं असतं. तसा एक सेट घेऊन तुम्ही कोथरूडला थांबा आणि दुसरा मित्राच्या हातात देऊन त्याला पाषाणला पाठवा. सरळ रेषेत मोजलं तर अंतर चार-पाच किलोमीटर. तरी खरखरीपलीकडे बहुतेक वेळा काही ऐकू येणार नाही. सेटात काही बिघाड नाही. मध्ये वेताळ टेकडी आहे, एवढंच.

परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलायचं, याला हॅम रेडिओ म्हणतात. हा छंद नव्याने धरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणता सेट घेऊ?’ हा. माझ्या मते हा प्रश्न शेवटून दुसरा किंवा तिसरा असायला हवा. आधी परवाना, मग अँटेना, मग ती अँटेना किती उंच लावता येते हे. एवढं जमलं की हातातला सेट साधासुधा असला तरी भागतं. हे नसेल तर लाखाचा सेटही खरखरच ऐकवतो.

हातातले वॉकीटॉकी व्हीएचएफ आणि यूएचएफ या जास्त फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत चालतात. त्यांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा कुठेतरी क्षितिजाखाली जातेच. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ने गुणा. रेडिओचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. माणूस सेट तोंडापाशी धरून उभा असेल तर उंची दीड मीटर, म्हणजे क्षितिज पाच किलोमीटरवर. समोरचाही तसाच उभा असेल तर पाच अधिक पाच, दहा. खोक्यावरचा आकडा बहुधा इथूनच येतो. फक्त त्यासाठी दोघांच्या मध्ये एकही इमारत, झाड किंवा टेकडी नको. असं मैदान पुण्यात कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

आता पाच मजली इमारतीच्या गच्चीवर जा. उंची १८ मीटर धरली तर क्षितिज सतरा-साडेसतरा किलोमीटर. सिंहगड शहरापेक्षा साधारण ७५० मीटर उंच आहे. तिथून तेच गणित ११० किलोमीटरच्या पुढे जातं, वाटेत दुसरा डोंगर आडवा आला नाही तर. गडावर टीव्हीचा मनोरा आहे तो याच कारणासाठी.

वॅट वाढवून हे भरून काढता येईल, असं अनेकांना वाटतं. पाच वॅटचे दहा केले तर सिग्नल तीन डेसिबलने वाढतो. सेटवरच्या सिग्नल मीटरची एक पायरी सहा डेसिबलची मानतात. म्हणजे दुप्पट वॅट, दुप्पट वेगाने उतरणारी बॅटरी, आणि समोरच्याला फरक अर्ध्या पायरीचा. याउलट दोन जिने चढून गच्चीत गेलात तर कधी कधी शून्यातून थेट खणखणीत आवाज येतो. याचा कळस म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि त्यावर हॅम मंडळींसाठी रिपीटर आहे. तुम्ही १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलता, स्थानक ते ४३७.८०० वर परत पाठवतं. स्थानक डोक्यावरून जाण्याची आठ-दहा मिनिटं साधली, हातात एका दिशेला रोखायची छोटी यागी अँटेना असली आणि रिपीटर चालू असला, की पाच वॅटच्या हँडसेटवरून परदेशातल्या माणसाशी बोलणं होतं. कारण मध्ये काहीच नसतं.

आता परवाना. इथे बरेच जण आधी कळस मग पाया करतात.

स्वस्तातले चिनी हँडसेट, उदाहरणार्थ बाओफेंग यूव्ही-५आर, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात बोलू शकतात. त्यातला हॅम लोकांचा वाटा अगदी थोडा: भारतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. उरलेल्या पट्ट्यात पोलीस, अग्निशमन, कंपन्या, सरकारी खाती असे सगळे बसलेले आहेत. ट्रेकला जाताना परवाना नसलेल्याने असा सेट नेऊन मनाला येईल त्या आकड्यावर बटण दाबलं तर ते हात दाखवून अवलक्षण. एक तर कायद्याने गुन्हा, आणि आपण कोणाच्या कामात घुसलो हे आपल्याला कळतही नाही. पुण्यासारख्या लष्करी छावणीच्या शहरात तर हा खेळ मुळीच करू नये. असे सेट परवान्याचा उल्लेखही न करता सर्रास विकले जात होते, म्हणून २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक नियमही केले.

परवान्याविना चालणाऱ्या जागा आहेत, पण त्या लहान आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्टीत कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त वॉकीटॉकी चालतात. २७ मेगाहर्ट्झजवळ सिटिझन बँड आहे, तिथे पाच वॅटपर्यंत मुभा आहे. राजगडावर पुढची आणि मागची तुकडी एकमेकांना विचारत राहावी, एवढंच काम असेल तर ४४६चे दोन सेट पुरेसे. पण सेट घेताना तो याच पट्टीपुरता बांधलेला आहे आणि त्याला भारत सरकारची उपकरण-मान्यता आहे, हे बघूनच घ्या.

खरा छंद हॅमचा. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा द्यावी लागते. वय १२ पूर्ण असलं की पुरे, शिक्षणाची अट नाही. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर. परवान्याचे दोन प्रकार: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकता आणि पाठवता यावं लागतं. प्रश्न दोन विषयांवर: रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्र म्हणजे ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, अँटेनाची लांबी, मॉड्युलेशन. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. नियमांचा भाग मात्र पाठच करावा लागतो, आणि गडी बहुधा तिथेच घसरतो. पास झाल्यावर रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३ने आणि जनरलवाल्याला व्हीयू२ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळतो. ‘व्हीयू’ ही भारताची ओळख. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू२आरजी होता, आणि हॅम मंडळी हे सांगण्याची संधी सहसा सोडत नाहीत.

परीक्षा आणि कॉलसाइन यांच्या मध्ये महिने जाऊ शकतात. त्या काळात ऐकत राहा. जगभरातल्या हौशी लोकांनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर उघडे ठेवलेले आहेत. ब्राउझरमध्ये बसून ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर कोण कसं बोलतं ते ऐकता येतं. कोण दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो, गर्दीत आपला नंबर कसा लावतो, हे पुस्तकात नाही मिळत.

कॉलसाइन आला की पहिला खर्च अँटेनावर करा. हँडसेटबरोबर येणारी रबरी बोटभर अँटेना ही तडजोड आहे. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर लांब, तिचा चतुर्थांश अर्धा मीटर. बोटभर रबरात तेवढी वायर गुंडाळून बसवलेली असते, त्यामुळे शक्तीचा बराचसा भाग वाया जातो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ४९ सेंटिमीटर मऊ वायर घ्यायची, तिचं एक टोक सेटवरच्या अँटेना-कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट बसवायचं आणि उरलेली वायर खाली लोंबकळत ठेवायची. अँटेनाचा हरवलेला दुसरा अर्धा भाग तिला मिळतो. दिसायला ध्यान दिसतं, पण फरक कानाला कळतो.

गच्चीसाठी ग्राउंड प्लेन अँटेना घरी करता येते. तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकोनी पत्र्याचं, चार कोपऱ्यांना भोकं असलेलं एसओ-२३९ सॉकेट विचारा. शिवाय दोन-तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची किंवा पितळी तार. मधल्या पिनेला उभी तार डाखायची, ४९ सेंटिमीटरपेक्षा बोटभर जास्तच ठेवून. चार भोकांत चार तारा स्क्रूने आवळायच्या, प्रत्येकी ५१ सेंटिमीटरच्या. त्या आडव्या न ठेवता ४५ अंशांत खाली वाकवायच्या. आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, वाकवल्या की तो ५० ओहमकडे सरकतो, आणि सेटला हवे असतात ५०च. डाखताना २५ वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पुरत नाही. सॉकेटचं धड सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि डाख वरवर चिकटल्यासारखा दिसतो, पण आत कोरडा राहतो. निदान ६० वॅटची वापरा, तार आणि पिन आधी घासून घ्या, आणि डाख चकचकीत पसरला नाही तर पुन्हा करा.

मग एसडब्ल्यूआर मोजायचा. सेटने पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर न पडता किती परत येते, याचं हे माप. एक म्हणजे सगळी बाहेर गेली, दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेला तर सेटच्या आउटपुटचा जीव धोक्यात. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र काही हजारांत मिळतं आणि त्याच्या पडद्यावर आलेखच दिसतो. आलेखाचा खड्डा १४५च्या डावीकडे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर दिसला तर तार लांब आहे. तीन-चार मिलिमीटर कापा, पुन्हा बघा. एका झटक्यात कापू नका, कापलेली तार लांब होत नाही.

केबलकडे फार लोक दुर्लक्ष करतात. आरजी-५८ ही बारीक, स्वस्त कोॲक्स केबल ३० मीटर वापरली तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे सहा डेसिबल वाटेतच जिरतात. म्हणजे सेटमधून निघालेल्या पाच वॅटपैकी गच्चीवर सव्वा पोचतो. ४३५वर तर त्याहून वाईट अवस्था. जाड आरजी-२१३ महाग आहे, वाकवायला हट्टी आहे, पण तेवढ्याच लांबीत निम्म्याहून जास्त शक्ती वर पोचवते. घरात पडलेली टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. अडीअडचणीला चालवणारे चालवतात, पण नवीन जोडणी करताना ५० ओहमचीच घ्या.

टेकडीवर उपाय म्हणजे रिपीटर. उंच जागी बसवलेला हा सेट एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्या क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात म्हणतो. दोन मीटर बँडवर या दोन्हींत ६०० किलोहर्ट्झचा फरक ठेवायची पद्धत आहे. समजा रिपीटर १४५.६०० वर बोलतो, तर तुम्ही ऐकायचं १४५.६०० वर आणि बोलायचं १४५.००० वर. सेटमध्ये याला ऑफसेट म्हणतात, आणि उणे दिशा निवडावी लागते. त्याखेरीज बहुतेक रिपीटरना टोन लागतो. ६७ किंवा ८८.५ हर्ट्झसारखा मंद सूर तुमच्या आवाजाखाली जात राहतो. तो नसेल तर रिपीटर ढिम्म हलत नाही. नवख्याचं ‘सगळं बरोबर टाकलं तरी रिपीटर उघडत नाही’ हे दुखणं दहातल्या नऊ वेळा टोन न टाकल्याचं असतं.

एकाच वेळी ओरडायचं आणि ऐकायचं हे सोपं नाही. स्वतःच्या ट्रान्समीटरने रिसीव्हर बहिरा होतो. याचा पुण्यातला जुना दाखला आहे. १९२७मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा ट्रान्समीटर बसवला खडकीला आणि रिसीव्हर नेला दौंडला, सत्तरेक किलोमीटरवर. रिपीटरमध्ये हेच काम डुप्लेक्सर करतो. पिंपासारख्या धातूच्या नळकांड्या अचूक लावून पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी एकाच अँटेनावर वेगळ्या ठेवल्या जातात. रिपीटरचा महागडा आणि नाजूक भाग बहुधा हाच.

बोलण्याची शिस्त थोडी आहे, पण काटेकोर आहे. आधी ऐका, फ्रिक्वेन्सी रिकामी आहे ना ते बघा. बटण दाबून अर्धा सेकंद थांबा आणि मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. कॉलसाइन अक्षरांचे ठरलेले शब्द वापरून सांगतात: व्हिक्टर, युनिफॉर्म, मग आकडा आणि पुढची अक्षरं. पुण्यातलं संभाषण साधारण असं ऐकू येईल: “नमस्कार ओएम, तुमचा रिपोर्ट फाइव्ह-नाइन, माझा क्यूटीएच सहकारनगर, गच्चीवर ग्राउंड प्लेन आहे, ओव्हर.” ओएम म्हणजे समोरचा हॅम, मग तो सोळा वर्षांचा का असेना. फाइव्ह-नाइन म्हणजे आवाज स्वच्छ आणि सिग्नल जोरदार, क्यूटीएच म्हणजे ठिकाण. निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’. धंद्याचं बोलणं, गाणी लावणं, सांकेतिक भाषेत बोलणं चालत नाही. तुमचं बोलणं कोणीही ऐकत असतं, हे गृहीतच धरायचं. प्रत्येक संपर्काची नोंद वहीत करायची, आणि वेळ शक्यतो जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.

व्हीएचएफवर हात बसला की माणूस एचएफकडे वळतो, आणि खरी गंमत तिथे आहे. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी वर आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून खाली परत येतात. कॅरममध्ये समोरच्या पट्टीवर रिबाउंड मारून मागची सोंगटी घालतात, तसंच. मग वेताळ टेकडी काय, सह्याद्री काय, आडवं येत नाही. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा कोल्हापूर, नाशिक, नागपूर, आणि अंधार पडला की त्याहून फार लांब. १४ मेगाहर्ट्झवर उजेडाच्या तासांत युरोप आणि जपान. सूर्यावरचे डाग वाढले की वरचे बँड खुलतात. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, २० मीटर लांबीचा, मध्ये तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा. गच्चीच्या मध्यावर पाच-सहा मीटरचा बांबू किंवा पाइप, आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने कठड्याला. तारेचं टोक हाताला लागेल इतकं खाली नको, ट्रान्समिट करताना टोकाशी चटका बसेल एवढा व्होल्टेज असतो.

एचएफ सेट महाग असतात हे खरं, पण या बाबतीत आपल्याकडे अभिमानाची गोष्ट आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा सेट आखला, तोच मुळी भारतातल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून. पहिल्या आराखड्यात कॉइल गुंडाळायला नळात बसवायचे वायसर वापरले होते. जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला.

ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी एफटी८ आहे. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांचे संदेश पाठवतो आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल खरखरीतून वेचून काढतो. ही पद्धत २०१७मध्ये आली, आणि तिच्या दोन कर्त्यांपैकी एक जो टेलर. त्यांना १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं ते जोड-पल्सारच्या शोधासाठी. पल्सार म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारा तारा.

पल्सारवरून आठवलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. अवकाशातून येणारे अतिक्षीण सिग्नल त्या ऐकतात, आणि त्यांच्या पट्ट्यांपैकी एक १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची आहे, आपल्या दोन मीटर बँडच्या शेजारची. शिवनेरी-जुन्नर भागात ट्रेकला गेलात तर सेट बंद करून पिशवीत ठेवलेला बरा.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असं सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी विचारणारच. २००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि अंदमानातले निरोप त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीला गेले. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज आणि फायबर. इथे दोन्ही टोकांना एकेक बॅटरी आणि तार असली की झालं. हे सांगितल्यावर समिती गच्चीवर अँटेना लावायची परवानगी देतेच असं नाही. लेखी अर्ज करा, परवान्याची प्रत जोडा, आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीला काही बांधणार नाही हे आधीच लिहून द्या. शेजारच्या टीव्हीवर किंवा स्पीकरमध्ये तुमचा आवाज घुसला तर वाद न घालता त्यांच्या वायरीवर फेराइटचे मणी चढवून द्या. ते बहुधा पुरतं.

आणि वळवाचा पाऊस. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले की अँटेनाची केबल सेटपासून काढायची आणि टोक खिडकीबाहेर सोडायचं. नुसतं सेटचं बटण बंद करून वीज थांबत नाही. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ओढून, खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी पदरावरून ओघळतं, आत शिरत नाही. एकदा केबलच्या जाळीत पाणी गेलं की ती तार हिरवी पडते, आणि मग टोक कापून टाकण्याला इलाज नसतो.